खाऱ्या विहिरीची भाकरी

सिनोपे बंदर,
दिओस महिना, प्रभूचा दिवस.

चि. सौ. मेलितिनेस आजी अम्मियाचे पोटभर आशीर्वाद. देवाची कृपा आणि शांती तुझ्या घरावर असो. नातजावई दोरियन यांनाही आशीर्वाद, घ्यायचे तर घेवोत. पणतीच्या दोन्ही गालांचा पापा. इकडे मी खुशाल आहे. गुडघा सोडून.

आता मला सांग, अमिसोसच्या वाऱ्यानं तुझी बुद्धी मंद झाली की काय? पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहितेस, "आजी, हे एकटीनं वाच आणि जाळून टाक." अगं बये, तुझ्या आजीला अक्षर ओळखता येत नाही हे विसरलीस? तूच ना गं लहानपणी राखेत काडीनं रेघोट्या ओढून मला शिकवायला बसली होतीस? पहिलं अक्षर मला माशाच्या शेपटीसारखं दिसलं, दुसरं गरोदर बाईसारखं, आणि तिसऱ्याच्या आत आमटी उतू गेली. तिथंच माझं शिक्षण संपलं. आता एकटीनं वाचायचं म्हणजे मी तो कागद उलटा धरून वास घेत बसायला हवं होतं. घेतला बरं का वास. केसांना गुलाबाचं तेल लावतेस हल्ली. चांगलं आहे.

मग ते वाचून दाखवलं ग्लिकोननं. ग्लिकोन म्हणजे खोटं मृत्युपत्र लिहिलं म्हणून ज्याला इथं कैदेत आणून टाकलंय तो. त्याचं अक्षर असं की मेलेल्याला उठवून दाखवलं तर तोही म्हणेल, हो, माझंच आहे. हे पत्रसुद्धा तोच लिहितोय. आत्ता हसतोय. लिही रे, हसतोस तेही लिही.

चावडीखालच्या या तळघराला कोपरा म्हणून नाही, त्यामुळे तुझं गुपित सगळ्यांनी ऐकलं. एक मेंढीचोर आहे. करवसुलीवाल्याच्या डोक्यात मडकं घातलेल्या दोघी बहिणी आहेत. दारावरचा पहारेकरी तर कान लावूनच बसला होता. मेंढीचोर म्हणाला, "म्हातारे, नात शहाणी आहे, ऐक तिचं." थोरली बहीण म्हणाली, "शहाणी कसली, घाबरट आहे." धाकटी रडली, पण ती कशालाही रडते. पहारेकरी म्हणाला, "पुढं वाच." जाळायला सांगितलंस खरं, पण इथं विस्तव देत नाहीत.

तर तू काय लिहिलंस ते तुला सांगते, कारण लिहून झाल्यावर तू ते विसरली असशीलच. एक, चौकशीत विचारतील तेव्हा 'मला काही आठवत नाही' म्हणायचं, बाकी दोरियनचा वकील बघून घेईल. दोन, तेवढ्यानं भागलं नाही तर सम्राटाच्या मूर्तीपुढं चिमूटभर धूप टाकायचा आणि घरी यायचं. "देव मन बघतो, आजी." तीन, घराला कुलूप लावून किल्ली तुमच्याकडं पाठवायची, म्हणजे दोरियन तिथं धान्याचं कोठार करतील.

तिन्हीचं उत्तर देते. पण आधी मी इथं कशी आले ते ऐक. आपल्या फिलेनं तुला कळवलं असेल, पण तिची तऱ्हा तुला ठाऊक आहे. मी तिला दासीपणातून मोकळं केलं तेव्हाही ती तीन दिवस रडत होती. तिनं सांगितलं म्हणजे माझी मयतच झाल्यासारखं वाटलं असेल. तसं काही नव्हतं. छान जेवणाची वेळ होती.

तक्रार केली होती देवळापाशीच्या खाटकानं. आपण बळीचं मांस घेत नाही, आपल्याकडं जेवणारे घेत नाहीत, त्याच्याकडं माश्यांखेरीज गिऱ्हाईक उरलं नाही. त्यानं चावडीवर सांगितलं की अम्मियाच्या घरी परगावचे लोक उतरतात, आठवड्याला जमतात, गाणी म्हणतात. खरंच आहे. गाणी बेसूर म्हणतात हे त्यानं सांगितलं नाही, एवढी त्याची माणुसकी.

त्या दिवशी माडीवर एक पाहुणा होता. पायाला कुरूप झालेला, लांबून चालत आलेला, उपदेश बरा करणारा आणि घोरणारा. नाव सांगत नाही. पहारेकरी ऐकतोय आणि तो मनानं चांगला असला तरी त्याला चार मुलं आहेत.

खाली मी भाकरी भाजत होते. तुला आठवतं ना, आपली भट्टी दार बंद करून पेटवली की सगळा धूर घरात. म्हणून दार सताड उघडं. एवढ्यात दारात पाच जण. धुळीनं माखलेले, साधे झगे पांघरलेले, एकमेकांकडं बघत उभे. मला वाटलं, आले, आणखी आले. आणि खरं सांगते, मनात आलं की देवा, मसूर भिजवताना जरा आधी इशारा द्यायचा होतास. तोंडानं म्हटलं, "या, या. बसा. बोलायचं नंतर."

पुढचा म्हणाला, "बाई, आम्ही..."

"नंतर म्हटलं ना! पायात काय चिखल आहे, बघा. फिले, घंगाळ आण."

आणि मी बसले त्याच्या पायाशी. गुडघा कटकन वाजला. तो पाय मागं ओढायला लागला, मी धरून ठेवला. सगळेच पहिल्यांदा असा पाय ओढतात, लाजतात. पाचही जणांचे धुतले. एकाच्या टाचेला भेग होती, तिला तेल लावलं. मग पाटावर बसवले, भाकरी दिली, आमटी दिली. पहिला घास घेतला आणि पुढच्यानं तोंड वाकडं केलं. सगळेच करतात. "आमची विहीर समुद्राजवळ आहे, पाणी खारं आहे," मी म्हटलं, "म्हणून भाकरीत मीठ घालत नाही. दुसऱ्या भाकरीला आवडायला लागेल." तिसरी त्यानं मागून घेतली.

त्यानं हात लांब केला आणि झग्याखाली पट्टा दिसला. पट्ट्याला दंडुका.

मेलितिने, मी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. मेनिप्पोस! टोपल्या विणणाऱ्या लाम्पितोचा मुलगा. शिपायांचा नाईक झालाय. मला धरायला आला होता. पाहुण्याला कळू नये म्हणून साध्या झग्यात.

"मेनिप्पोस," मी म्हटलं, "तू मला न्यायला आलास होय रे?"

त्याच्या तोंडात घास. धड गिळवेना, धड टाकवेना. म्हणाला, "मावशी, तुम्ही बोलूच दिलं नाहीत."

आणि पाचही जण तसेच बसून राहिले. आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. ज्याची भाकरी खाल्ली त्याच्यावर त्या दिवशी हात टाकायचा नाही. हे काही आपण ख्रिस्ती लोकांनी काढलेलं नाही, सिनोपेत दगड रचले तेव्हापासूनचं आहे. एक शिपाई दुसऱ्याला म्हणतो, "तू कमी खाल्लंस, तू धर." दुसरा म्हणतो, "माझे पाय धुतलेत तिनं, तेल लावलंय!" तिसरा म्हणतो, "मला आधीच वास आला होता काहीतरी चुकतंय." "मग बोलायचं होतंस!" "आमटी चांगली होती."

मी फिलेला म्हटलं, "माडीवर शेळी सुटली आहे वाटतं, बघ जरा." आपल्याकडं शेळी कधी नव्हती. फिले रडते पण मठ्ठ नाही. ती वर गेली. मी त्यांना आणखी आमटी वाढली, सुके अंजीर दिले, मेनिप्पोसच्या आईची चौकशी केली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. सगळं निवांत झाल्यावर, मागच्या मळ्यातलं फाटक वाजून गेल्यावर, मी हात धुतले, शाल घेतली आणि म्हटलं, "चला. तुम्ही मला हात लावू नका, म्हणजे तुमची रीत मोडत नाही. मी पुढं चालते, तुम्ही मागून या."

तशी वरात निघाली आमची. म्हातारी पुढं, पाच शिपाई मागं, कुणाचेच पाय कधी इतके स्वच्छ नव्हते. खाटीक दुकानातून बघत होता. मी त्याला हात केला.

तर अशी मी इथं आले. रडण्यासारखं काही आहे का यात? लोकांच्या घरातून माणसं ओढून नेतात. तुझ्या आजीला पोटभर जेवून, लाजत लाजत नेली.

इथलंही बरं चाललंय. फिले रोज टोपली आणते, अर्धी पहारेकरी खातो, उरलेली आम्ही. भाकरी मात्र बाजारची असते, आपली भट्टी मी इथं आल्यापासून गारच आहे. नवीन माणूस आत ढकलला की मी त्याचे पाय धुते. ग्लिकोन पहिल्या दिवशी ओरडला, "म्हातारे, प्यायचं पाणी पायावर घालतेस!" आता तोच माठ पुढं करतो. मेंढीचोराचे पाय मात्र मेंढीपेक्षा घाण. त्याला सांगून टाकलंय, चोरायचंच असेल तर गाय चोर, तिच्यामागं हळू चालता येतं.

आता तुझं पहिलं, 'आठवत नाही' म्हणायचं.

परवा चौकशी झाली. तुझं पत्र त्याआधीच पोचलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. चावडीच्या पायऱ्यांवर ही गर्दी. मासे विकणाऱ्या बायका टोपल्या घेऊन. नगराधिकारी खुर्चीवर. दोरियनचा वकील उभा राहिला. देखणा माणूस, दाढीला तेल लावलेलं. म्हणाला, "महाराज, ही बिचारी म्हातारी भ्रमिष्ट झाली आहे. काल काय खाल्लं तेही तिला आठवत नाही. हिला शिक्षा काय करायची? घरी जाऊ द्या."

नगराधिकारी मान हलवत होता. मला सोडणारच होता गं. त्यालाही घरी जेवायला जायचं होतं. मी नुसतं गप्प राहायचं होतं, तोंड जरा उघडं ठेवून.

पण काल काय खाल्लं ते आठवत नाही? मला?

"काल मसुरीची आमटी खाल्ली," मी म्हटलं. "धणे कमी होते. परवा खारवलेला मासा, शेपटीकडचा, मधला तुकडा पहारेकऱ्यानं खाल्ला."

वकिलानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्याच्या ताटात थुंकले.

"म्हणजे आठवतं?" नगराधिकारी म्हणाला. "मग तुझ्या घरी कोण कोण येऊन गेलं, तेही आठवत असेल."

"सगळे आठवतात. एकाला कांदा चालत नसे पण पात चालायची, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. एक बाई जहाजातून ओकत ओकत आली, तिला मी सफरचंद भाजून मधाबरोबर दिलं, दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या घराला काम लावलं. एक इतका बोलायचा की भाकरी गार व्हायची. दोनदा गरम करून दिली, तिसऱ्यांदा नाही. एक लहान चणीचा, त्याला माशाचं डोकं आवडायचं आणि मागायला लाजायचा, म्हणून मी सगळ्यांना सांगायची की आमच्याकडं डोकं कुणी खात नाही."

मासेवाल्या हसायला लागल्या. एक ओरडली, "खरं आहे, डोकी माझ्याकडूनच न्यायची!"

"नावं सांग," नगराधिकारी म्हणाला.

"महाराज, पाहुण्याला जेवायच्या आधी नाव विचारायचं नाही, हे तुमच्या घरी कुणी शिकवलं नाही का? तुमच्या आजीला मी ओळखत होते. त्या घरी असं चालत नव्हतं."

तो लाल झाला. "जेवल्यावर तरी विचारलं असशील?"

"जेवल्यावर तो घरचा झाला. घरच्या माणसांची नावं चावडीवर कुणी घेतं का? तुम्ही तुमच्या बायकोचं घ्याल?"

आता मागं उभा असलेला मेनिप्पोससुद्धा छताकडं बघायला लागला. वकील खाली बसला. नगराधिकाऱ्यानं हसू आवरलं, आणि मग त्याचं हसू गेलं. कारण भ्रमिष्ट म्हातारीला सोडता येतं. शहाणीला प्रश्न विचारावाच लागतो. त्यानं हळूच विचारला, जणू मी ऐकू नये असं त्याला वाटत होतं.

"अम्मिया, तू ख्रिस्ती आहेस?"

माझा आवाज तुला ठाऊक आहे. तुला अंजिराच्या झाडावरून खाली बोलवायची तो आवाज. मी म्हटलं, "होय." बंदरातल्या नावा हलल्या असतील.

मेलितिने, मला गर्व झाला. गर्व पाप आहे हे मी इतक्या वर्षांत इतक्या पाहुण्यांकडून ऐकलंय की उपदेश पाठ झालाय. ते माझं आणि देवाचं मी बघून घेईन.

दुसरं, धूप. तो टाकला की प्रभूला नाकारलं असं धरतात. तू म्हणतेस, देव मन बघतो. बघतो बाई. पण समज, तुझ्या घरी पाहुणा बसलाय, तुझी भाकरी खातोय, आणि दारात शिपाई येऊन विचारतो, "हा कोण?" तू मनात म्हणशील, माझा आहे, आणि तोंडानं म्हणशील, मी ओळखत नाही. तुझं मन चांगलं. पण आत बसलेल्या त्या माणसानं काय ऐकलं? तुझी आई पाळण्यात होती तेव्हापासून प्रभू माझ्या घरी बसलाय. बाकी कुणाचं नाव मी सांगितलं नाही, सांगणार नाही. त्या एकाचं विचारताच सांगितलं. त्यानं लपवायला सांगितलेलं नाही.

हिवाळ्यात नावा थांबून समुद्र बंद व्हायच्या आत सुभेदार इथं येतो. तो पुन्हा विचारेल. पुन्हा पुन्हा विचारतात म्हणे, म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही असं समजून. मी तेच सांगणार. त्यानंतर काय होतं ते तुलाही माहीत आहे, मलाही. ग्लिकोन थांबलाय. लिही रे बाबा. लिहिलं नाहीस म्हणून टळणार आहे का?

त्याचं मला फार काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. फिलेनं सांगितलं. आठवड्यापूर्वी दोघं आले, नवराबायको, तिच्या कडेवर मूल. कुणीतरी त्यांना वाटेत सांगितलं होतं की सिनोपेत खाऱ्या विहिरीचं घर आहे, तिथं दार उघडं असतं. दार बंद होतं. फिले माझ्यासाठी टोपली घेऊन इकडं आली होती. ती परत गेली तर ते अंजिराखाली झोपलेले, मूल उपाशी. इतकी वर्षं झाली, मेलितिने, माझ्या दारात असं कुणी झोपलेलं नाही. इथं आल्यापासून मी एकदाच रडले, ते तेव्हा. थोरल्या बहिणीनं माझी पाठ चोळली आणि मग विचारलं की त्या खाऱ्या भाकरीची चव तरी कशी असते.

म्हणून तिसरं. किल्ली मी पाठवत नाही. दोरियनना सांग, धान्याला घर मिळेल, कुठंही मिळेल. ते घर तुझं आहे. घंगाळ धरायला तूच उभी राहायचीस, आठ वर्षांची, हातापेक्षा घंगाळ मोठं, आणि पाणी कुणाच्या अंगावर सांडलं तर त्यालाच रागवायचीस की पाय नीट ठेव. तेव्हा मी शेजारणींना सांगत फिरायची, बघा माझी नात. अजून सांगते. इथं मेंढीचोरालासुद्धा सांगून झालंय.

मी तुला कशात बोलावते आहे हे मला कळतं. खाटीक अजून तिथंच आहे. चावडी अजून तिथंच आहे. तुला नवरा आहे, मूल आहे, भीती आहे. भीती मलाही आहे, माझ्या गुडघ्याच्या खाली कुठंतरी. नाही आलीस तर मी रागावणार नाही. मी तुला लहानपणी मारलं ते फक्त एकदाच, आणि तेही अंजीर कच्चे होते म्हणून. आशीर्वाद आहेत ते आहेतच.

पण तू विचारलंस ना शेवटी, "आजी, खायला काय पाठवू?" तर ते नीट ऐक आणि विसरू नकोस.

अमिसोसहून मिठाई पाठवू नकोस, पहारेकऱ्याचे दात वाईट आहेत. मध नको, मुंग्या होतात. भाकरी पाठव. जवाची, जाड, दोघी बहिणींना आणि मेंढीचोराला पुरेल एवढी, पहारेकऱ्याचा वाटा धरून. त्यात मीठ घालू नकोस. आपल्या विहिरीच्या पाण्यात मळ. गोड्या पाण्याची भाकरी मी पहिल्या घासाला ओळखेन, आणि खाईनही, आणि काही बोलणार नाही. पण आपल्या पाण्याची आली तर मला कळेल तू कुठं उभी आहेस ते.

तुझी आजी अम्मिया, जिची खूण म्हणून ग्लिकोन इथं माझा अंगठा काजळीत बुडवतोय.

आणि भट्टी पेटवशील तेव्हा दार उघडं ठेव. धूर कोंडतो.